ओढ्यातल्या सॅमनचे फोटो: आधी मादी ओळखा

ऑक्टोबर उजाडला की सिअ‍ॅटल-व्हँकूवरकडच्या मराठी घरांमध्ये शनिवारी सकाळी एक प्रश्न हमखास निघतो: सॅमन आले का? मुलांना घेऊन लोक ओढ्यावर जातात, पुलाच्या कठड्याला टेकून खाली बघतात, भराभर फोटो काढतात. घरी येऊन बघावं तर पाण्यावर आभाळाची पांढरी चकाकी आणि तिच्याखाली एक अंधूक सावली. मग वाटतं, आपला कॅमेरा कमी पडला. खरं तर कॅमेरा क्वचितच कमी पडतो. मासा आता पुढे काय करणार हे ठाऊक नसतं, म्हणून फोटो हुकतो. सॅमनची वीण ठरावीक क्रमाने होते. तो क्रम ओळखता आला तर साध्या लेन्सनेही मनाजोगतं चित्र मिळतं. म्हणून या लेखात माशाबद्दल जास्त बोलायचं आहे, शटर आणि आयएसओबद्दल बेताचंच.

पॅसिफिकच्या या किनाऱ्यावर पाच जातींचे सॅमन नदीत चढतात: चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. समुद्रातून गोड्या पाण्यात शिरले की ते खाणं सोडतात, अंगात साठवलेल्या चरबीवर वरपर्यंत जातात, वीण करतात आणि मरतात. पाचही जातींचं हेच. फोटोच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात मोठा फरक आहे. सॉकायचं अंग विणीच्या काळात लालभडक होतं आणि डोकं हिरवं राहतं. कोहो बुजरे; ते पावसाच्या पाण्याबरोबर येतात आणि ओंडक्यांच्या, मुळांच्या आडोशाला राहतात. चिनूक सगळ्यांत थोराड, त्यामुळे त्यांना मोठा, जोरकस प्रवाह लागतो. पिंक दोन वर्षांनी परततात आणि वॉशिंग्टन राज्यात त्यांची गर्दी विषम आकड्याच्या वर्षी होते. नवशिक्याने सुरुवात चमपासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. चम मोठे असतात, पण लहान, उथळ ओढ्यातही वीण करतात. काठावरून दोन-तीन मीटरवर दिसतात. नराच्या अंगावर जांभळे-तांबूस उभे पट्टे उमटतात, जबड्यात सुळ्यांसारखे दात दिसतात. मादीच्या कुशीवरून बहुधा एक काळसर आडवी रेघ जाते. नर-मादी दुरून वेगळे ओळखता येतात, आणि पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

चमसाठी सिअ‍ॅटल शहरातच कारकीक पार्कमधला पायपर्स क्रीक आहे. नोव्हेंबरचा मधला पंधरवडा साधावा. कॅनडात व्हिक्टोरियाजवळ गोल्डस्ट्रीम प्रोव्हिन्शियल पार्क आहे, तिथे ऑक्टोबरअखेरपासून चम येतात. इकडे सिअ‍ॅटलजवळच्या इसाक्वाच्या हॅचरीजवळ, म्हणजे मत्स्यबीज केंद्राजवळ, सप्टेंबर-ऑक्टोबरात चिनूक आणि त्यांच्यामागून कोहो दिसतात. सॉकायचा सर्वांत मोठा सोहळा ब्रिटिश कोलंबियातल्या अ‍ॅडम्स नदीवर, त्सुत्सवेक्व प्रोव्हिन्शियल पार्कमध्ये. हे मासे फ्रेझर नदीच्या मुखापासून साडेचारशे किलोमीटरहून जास्त अंतर पोहून तिथे पोचतात. दर चार वर्षांनी त्यांची संख्या प्रचंड वाढते. २०१०, २०१४, २०१८, २०२२ ही अशी वर्षं होती. त्या हिशेबाने २०२६ आणि २०३० चा ऑक्टोबर मोकळा ठेवावा. कॅलिफोर्नियात असाल तर लेक टाहोच्या दक्षिण काठावरच्या टेलर क्रीकला जा. तिथे ऑक्टोबरात कोकनी, म्हणजे समुद्रात न जाता तळ्यातच वाढणारे सॉकाय, वीण करतात. ओढ्याच्या कडेला जमिनीखाली काचेची भिंत असलेली खोली बांधली आहे, आणि लहान मुलांबरोबर जायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. काचेतून फोटो काढताना लेन्सचं हूड काचेला अगदी टेकवा आणि गडद रंगाचे कपडे घाला, नाहीतर फोटोत तुमचा पांढरा शर्टच पोहताना दिसेल.

आता ओढ्यावर पोचल्यानंतरचं काम. पहिली पंधरा-वीस मिनिटं कॅमेरा पिशवीतच राहू द्या. डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल लावा आणि तळ बघा. खोल डोहाचं पाणी जिथे उथळ होत जाऊन खळाळत पुढे निघतं, त्या उंबरठ्यावर विणीची जागा असते. तिथे पाणी गोट्यांच्या फटींतून खाली झिरपत राहतं आणि पुरलेल्या अंड्यांना प्राणवायू मिळतो. ओढ्याचा बाकीचा तळ शेवाळाने काळपट-तपकिरी दिसतो, पण मध्येच एखादा पट्टा धुऊन काढल्यासारखा उजळ असतो. तेच घरटं, इंग्रजीत त्याला रेड म्हणतात. त्या उजळ पट्ट्याच्या वरच्या टोकाला खळगा आणि खालच्या बाजूला गोट्यांचा उंचवटा असतो. खळगा दिसला की त्यावर किंवा त्याच्या जवळपास एक मासा कायम असेल. तीच मादी. खात्री करायची तर तिची शेपटी बघा. गोटे उकरून तिची किनार झिजलेली, पांढरी पडलेली असते.

बहुतेक लोक लेन्स रोखतात ती नरावर. वाकडा जबडा, पाठीवर मदार, दोन नरांची झुंज, एकमेकांच्या शेपटीला धरून केलेली झटापट. नजर तिकडे जाणं स्वाभाविकच आहे. पण नर इकडून तिकडे फिरत राहतात, झुंज कधी आणि कुठे होईल याचा नेम नसतो. मादी मात्र जागेला बांधलेली असते. घरटं कुठे करायचं ती ठरवते, खणते ती एकटी, आणि अंडी कोणत्या क्षणी सोडायची हेही तिच्याच हाती. म्हणून कॅमेरा मादीवर लावा. नर आपोआप तुमच्या चौकटीत येतील.

ती खणते ते असं. प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून खळग्याच्या वरच्या कडेला येते, एका कुशीवर वळते आणि अंगाला चार-पाच जोरदार हिसके देते. शेपटी गोट्यांवर आपटते असं वाटतं, पण मुख्य काम ओढीचं असतं. शेपटी झटक्यात वर उचलली की तिच्याखालचं पाणी वर खेचलं जातं, त्याबरोबर गोटे उचलले जातात आणि प्रवाह त्यांना खाली नेऊन टाकतो. कुशीवर वळल्याच्या क्षणी तिचं चंदेरी पोट पाण्यात लख्खकन चमकतं. तो लखलखाट हाच तुमचा इशारा, पण तो दिसल्यावर बटण दाबलं तर पहिले दोन हिसके गेलेच. खणण्याआधी ती थोडी पुढे सरकते आणि अंग किंचित कलतं करते. त्या हालचालीला बोट बटणावर हवं. एकदा हुकलं तरी हरकत नाही. काही मिनिटांत ती पुन्हा खणते, आणि जवळपास तिथेच.

खळगा पुरेसा खोल झाला का, हे ती मोजून बघते. खळग्यावर येऊन पोटाखालचा मागचा पर खाली सोडते, अंगाला बाक देते आणि तो पर गोट्यांमधल्या फटीत घालून चाचपते. हे दिसलं की खूष व्हा. सुरुवातीला ती क्वचितच चाचपते. जसजशी वेळ जवळ येते तसतसं खणणं कमी आणि चाचपणं जास्त होत जातं. त्याच सुमाराला नराची धांदल वाढते. तो तिच्या बाजूला येऊन सर्वांगाने थरथरतो, तिच्या पाठीवरून या कुशीकडून त्या कुशीकडे जातो, दुसरा नर फिरकला की धावून जातो आणि लगेच परततो. हे सगळं एकदम दाट व्हायला लागलं की जागचं हलायचं नाही. मोबाइल वाजला तरी नाही.

मग ती खळग्यात खोल बसते आणि तोंड उघडते. नर तिच्या अंगाला अंग लावतो आणि तोही आ वासतो. दोघांची तोंडं सताड उघडी, अंगं थरथरत असतात, आणि दोघांमधलं पाणी दुधाळ होतं. जेमतेम काही सेकंदांचा खेळ. कडेला टपून बसलेला एखादा लहान नर याच वेळी झेप घेऊन मध्ये घुसतो. कोहोंमध्ये हे लहान नर बरोबरीच्या नरांपेक्षा वर्षभर आधीच समुद्रातून परतलेले असतात. कधी कधी दोघं तोंडं उघडतात आणि अंडी न सोडताच बाजूला होतात. खरोखर वीण झाली की नाही हे ताडायचं असेल तर पुढच्या मिनिटभरात मादी काय करते ते बघा. अंडी सोडली असतील तर ती क्षणाचीही उसंत न घेता खळग्याच्या वरच्या कडेला जाते आणि हलक्या हाताने, पटापट उकरायला लागते. त्या बारीक गोट्यांनी अंडी झाकली जातात. मघाच्या जोरदार हिसक्यांपेक्षा ही हालचाल इतकी नाजूक असते की एकदा पाहिलीत तर पुन्हा चुकणार नाही. ज्यांनी फक्त उघड्या तोंडांचा फोटो काढला आणि कॅमेरा खाली ठेवला, त्यांचा हा फोटो राहून जातो. माझ्या मते सगळ्या विणीत तोच सर्वांत मोलाचा. तिच्या पोटात हजारो अंडी असतात आणि ती एकाच वेळी घालत नाही. वर सरकून पुढचा खळगा करते, त्यामुळे हा सगळा क्रम तिच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे पुढच्या काही दिवसांत, अनेकदा घडतो.

बसायचं कुठे? शक्य तितकं खाली. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, आणि काठालगत खाली बसलेला माणूस त्या खिडकीच्या कडेला चेपून अगदी लहान होतो. उभा माणूस मात्र आभाळाच्या पार्श्वभूमीवर ठळक दिसतो. मासे पावलांची धमकही ओळखतात. पाय न आपटता या, एकदाच जागा निवडा, तिथे बसकण मारा. सोबत जाड फोमचा तुकडा ठेवा. नोव्हेंबरातल्या ओल्या दगडावर बसून कंबर धरली की फोटो संपले.

चकाकी घालवायला पोलरायझिंग फिल्टर हवाच. पण तो सगळ्या कोनांतून सारखा काम करत नाही. पाण्याच्या पृष्ठभागापासून साधारण ३७ अंशांवरून बघत असाल तेव्हा चकाकी सर्वांत जास्त कापली जाते. पुलावरून सरळ खाली बघताना फिल्टरचा उपयोग जवळजवळ शून्य. पुलावरून फोटो पांढरे का येतात याचं हेच कारण. मोबाइलवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच कॅमेऱ्यासमोर धरून फिरवून बघावी, फरक तिथल्या तिथे कळतो. याहूनही फुकटातला उपाय म्हणजे समोरचा काठ बघून जागा निवडणं. पाण्यात समोर मोकळं आभाळ पडलं असेल तर चकाकी. समोर सीडरची गर्द झाडी असेल तर तिची काळी छाया पाण्यावर पडते आणि तिच्यातून तळ आरपार दिसतो. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकल्याने हा बदल होतो. ढगाळ दिवस वाईट मानू नका. सौम्य उजेडात माशाचा रंग खरा येतो आणि तळावर उन्हाच्या लाटांची जाळी नाचत नाही. पाऊस पडल्याच्या दिवशी पाणी गढूळ असतं. तो ओसरून पाणी निवळायला एखाद-दोन दिवस लागतात, आणि नवे मासेही त्याच पाण्याबरोबर चढलेले असतात. म्हणून हवामानाचा अंदाज बघायचा तो पाऊस टाळायला नव्हे, पावसामागची उघडीप गाठायला.

कोकणात मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे पाहिलेल्यांना ही धांदल ओळखीची वाटेल. तिथे पाणी लाल मातीने गढूळ, मासे लहान आणि घाई फार. त्यामुळे फोटो पाण्याखालचा होत नाही, बांधावरून उसळणाऱ्या माशाचा होतो. काठावर आधी बसून वाट हेरायची पद्धत मात्र तिथेही तशीच लागू पडते.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. ७०-२०० किंवा १००-४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. खणण्याचे हिसके आणि उडणारे गोटे गोठवायला शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा. आ वासलेल्या जोडीला १/५०० चालतं. झाडीखालच्या ओढ्यात उजेड कमी आणि वर पोलरायझर दीड-दोन स्टॉप खातो, म्हणून आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत बेलाशक वाढवा. थोडा कणीदार फोटो चालेल, हललेला नाही. पाण्यावर वाहत आलेलं मेपलचं पान ऑटोफोकसला माशापेक्षा जास्त आवडतं. यावर सोपा तोडगा आहे. मादी त्याच खळग्यावर परत येते हे आता तुम्हाला माहीत आहे, तेव्हा खळग्याच्या कडेच्या एका गोट्यावर फोकस लावा, मॅन्युअल करून टाका आणि ट्रायपॉडवर तसाच राहू द्या. सॉकाय असतील तर हिस्टोग्राममधला लाल रंग वेगळा तपासा. एकूण उजेड बरोबर दिसला तरी लाल फाटतो आणि माशाच्या अंगावरचे बारकावे पुसले जातात. दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवलेलं बरं. फ्लॅश वापरू नये.

पाण्याखालचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. त्यासाठी तुम्ही पाण्यात उतरू नका. छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा जड, सपाट पट्टीवर घट्ट बसवा, दोरी बांधून दुसरं टोक काठावरच्या झाडाला अडकवा आणि लांब काठीने, काठावरूनच, घरट्याच्या बाजूला थोडा खालच्या अंगाला ठेवा. पट्टी काळपट, शेवाळी तळावर टेकली पाहिजे, उजळ गोट्यांवर कधीही नाही. आधी त्या पार्कच्या कार्यालयात विचारा; काही ठिकाणी पाण्यात कोणतीही वस्तू ठेवायला मनाई असते. ठेवल्यावर मासे बाजूला होतात आणि बहुधा काही मिनिटांत परततात. पंधरा मिनिटांत मादी परतली नाही तर कॅमेरा काढून घ्या, त्या दिवशी तो फोटो नाही असं समजा. ४के व्हिडिओ ६० फ्रेम्सने घेतला तर त्यातल्या एकेका चौकटीतून आठ मेगापिक्सेलचा फोटो निघतो, छापायला तो पुरेसा आहे. थंड पाण्यात बॅटरी लवकर बसते आणि काचेवर आतून वाफ धरते. केसमध्ये सिलिका जेलची पुडी टाका, निघण्यापूर्वी गाडीच्या हीटरसमोर कॅमेरा धरू नका.

पाण्यात उतरू नका, यावर मी इतका जोर देतो कारण नुकसान डोळ्यांना दिसत नाही. अंडी गोट्यांखाली वीतभर खोल असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत ती इतकी नाजूक असतात की एका बुटाच्या दाबाने मरतात, आणि पिल्लं वसंत ऋतूपर्यंत तिथेच गोट्यांत राहतात. म्हणजे मासे दिसेनासे झाल्यावर, जानेवारीत, रिकाम्या वाटणाऱ्या ओढ्यात उतरणंही तितकंच वाईट. कायद्याचीही बाब आहे. प्युजेट साउंडचे चिनूक १९९९ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखाली संरक्षित आहेत, मध्य कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या कोहोंची स्थिती त्याहून बिकट आहे. आणि त्या कायद्यात माशाला नुसतं हुसकावणं, त्रास देणं यालाही गुन्हा म्हटलं आहे. मुलांना दगड मारू देऊ नका, काठीने माशाला ढकलू देऊ नका. दमलेल्या माशाला मदत म्हणून उचलून वर नेऊन सोडणारी भली माणसंही मी पाहिली आहेत. तेही करू नये. त्याच्या अंगात उरलेली ताकद मोजकी असते आणि ती धडपडण्यात जाते.

कुत्रा बरोबर असेल तर पट्टा सोडूच नका. या भागातला कच्चा सॅमन खाल्ल्याने कुत्र्यांना एक जिवाणूजन्य आजार होतो, उपचार झाले नाहीत तर बहुतेक दगावतात. काठावर मेलेले मासे पडलेले असतात आणि कुत्र्याला आवरायला क्षणभरही मिळत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या ओढ्यांवर अस्वलं येतात. तिथे एकट्याने, पाण्याच्या आवाजात मान खाली घालून बसू नका, आणि डब्यातली पोळी-भाजी गाडीतच ठेवा.

मेलेल्या माशांचेही फोटो काढा. शेपटी झिजलेली, अंगावर पांढरी बुरशी चढलेली, डोळे कावळ्या-सीगलांनी काढलेले. लोक तिकडे पाठ फिरवतात. पण समुद्रातून अंगावर वाहून आणलेलं नत्र हे मासे इथे ठेवून जातात, ते काठच्या झाडांपर्यंत पोचतं, आणि पिल्लांना लागणारे किडे त्याच कुजण्यावर वाढतात. सांगाडा हलवून नीट मांडू नका, आहे तिथे, आहे तसा घ्या. सिअ‍ॅटलच्या शहरी ओढ्यांवर, लाँगफेलो क्रीकसारख्या ठिकाणी, पावसानंतर कोहोची मादी पोट अंड्यांनी भरलेलं असतानाच मेलेली सापडते. गाड्यांच्या टायरमधल्या एका रसायनापासून बनणारं विष रस्त्याच्या पाण्याबरोबर ओढ्यात येतं, त्याने ती मरते. २०२० च्या डिसेंबरात संशोधकांनी ते विष ओळखलं. असा मासा दिसला तर रस्त्याचं पाणी जिथून ओढ्यात पडतं तो पाइपही त्याच फोटोत किंवा पुढच्या फोटोत घ्या. एरवी कोणाला पटत नाही.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी प्रत्येक चांगल्या फोटोखाली चार गोष्टी लिहून टाका: जात, नर की मादी, तारीख, आणि ती त्या क्षणी काय करत होती, म्हणजे खणत होती, चाचपत होती की झाकत होती. पाठीवरच्या मोठ्या पराच्या आणि शेपटीच्या मधोमध एक छोटा मांसल पर असतो. तो आहे की कापलेला, हेही नोंदवा. कापलेला असेल तर मासा हॅचरीत वाढलेला आहे. जागेचं नाव मात्र मोठ्या, प्रसिद्ध पार्कपुरतंच द्या. कोणाच्या घरामागून वाहणाऱ्या, फारसे मासे नसलेल्या ओढ्याचा नकाशा फोटोबरोबर टाकू नका. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप होते, ती पाठवण्याआधी काढून टाका.